पंचावन्नच्या आत मज्जाव

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगारा पाहिला नसेल, तर त्याच्या तिकिटाचे पैसे वाया गेले असे आपल्याकडे समजतात. या हिशेबाने आमचे पैसे वाया गेले आहेत. आम्ही उभयता ऑक्टोबरात गेलो आणि मार्चात परतलो. या मुदतीत नायगारा पाहिला नाही, न्यूयॉर्क पाहिले नाही, आणि लॉस एंजल्स चिरंजीवांच्या मोटारीच्या काचेतून जेवढे दिसले तेवढेच. आम्ही सावकाशीने पाहिले ते युकायपा. हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर त्यात तुमच्याकडे काही उणे नाही.

लॉस एंजल्सहून पूर्वेकडे साठ-सत्तर मैल गेले की रेडलंड्स नावाचे टुमदार गाव लागते. एके काळी संत्र्यांच्या बागांवर हे गाव गबर झाले होते. आता बागा थोड्या उरल्या आहेत आणि आमच्या चिरंजीवांसारखी संगणकावर पोट भरणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत. तिथून दहाएक मैल चढाला लागले की युकायपाचे खोरे येते. उंची सुमारे २,६०० फूट. मागे सॅन बर्नार्डिनोचे डोंगर, थंडीत त्यांच्या माथ्यांवर बर्फ, आणि आणखी वर ओक ग्लेन नावाचा सफरचंदांच्या बागांचा पट्टा. ऑक्टोबरात तिथे शनिवार-रविवारी मोटारींची जी रांग लागते ती पाहून मला स्ट्रॉबेरीच्या दिवसांतले महाबळेश्वर आठवले. आपल्याकडे निदान गाडीत भेंड्या तरी लावतात. तिथे सगळे मुकाट्याने रांगेत बसलेले.

पण युकायपाचे खरे वैशिष्ट्य सफरचंदांत नाही. रस्त्याच्या कडेला लांबलचक भिंत, भिंतीच्या फटीतून एक फाटक, फाटकाशी गुलाबाची चार झुडपे आणि एक पाटी, असे दृश्य या गावात पुन्हा पुन्हा दिसते. पाटीवर वसाहतीचे काहीतरी गोड नाव असते आणि त्याखाली, बऱ्याच ठिकाणी, एक आकडा: ५५ वर्षांवरील रहिवाशांसाठी.

“अहो, म्हणजे आपल्याला आत घेतील म्हणायचं!” ही मागच्या सीटवरून म्हणाली. “वयाचा एकदा तरी फायदा झाला.”

या वसाहतींतल्या घरांना फिरती घरे म्हणतात. हे नाव ऐकून माझ्या डोळ्यांपुढे वंजाऱ्यांचा तांडा उभा राहिला होता. प्रत्यक्षात ही घरे फिरत नाहीत. आयुष्यात एकदाच, कारखान्यातून निघून ट्रकच्या मागे लागून ती येतात, ठरलेल्या जागी बसतात, आणि मग त्यांच्या चाकांवर जे पत्र्याचे नाहीतर फळ्यांचे परकर चढतात ते कायमचे. लहान घर एका खेपेत येते. मोठे घर असेल तर त्याची दोन अर्धुके दोन ट्रकवरून आणून मध्ये सांधतात. १९७६ पासून अशा घरांच्या बांधणीला देशभर एकच सरकारी नियम लागू आहे, आणि नियमाप्रमाणे बांधलेल्या घराच्या अंगावर एक लाल पत्र्याची चिठ्ठी असते. आत दोन-तीन खोल्या, गालिचा, मोठा ओटा, कपडे धुण्याचे यंत्र. आपल्या मध्यमवर्गीय माणसाला तिथे काही उणे भासणार नाही.

खरी मेख जमिनीत आहे. घर राहणाऱ्याच्या मालकीचे आणि खालची जमीन वसाहतीच्या मालकाची. घर रोख पैसे देऊन घ्यायचे आणि ज्या चौकोनावर ते उभे आहे त्याचे भाडे दरमहा मोजायचे. भाडे झेपेना झाले तर घर उचलून दुसरीकडे न्यावे म्हणाल, तर उचलून नेण्याचाच खर्च हजारो डॉलर, आणि वीस-तीस वर्षांचे जुने घर दुसरी वसाहत दारात उभे करून घेत नाही. गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. भाटकाराची जमीन आणि मुंडकाराचे घर हे प्रकरण त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे, आणि मुंडकाराला उठवता येऊ नये म्हणून तिथे १९७५ साली कायदाही करावा लागला. कॅलिफोर्नियातला मुंडकार पेन्शनर आहे आणि त्याच्या दाराशी मोटार उभी असते, एवढाच फरक.

चाकांवर बिऱ्हाड ठेवायची हौस अमेरिकनांना फार जुनी. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टँपा गावी मोटारीला राहुट्या बांधून आलेल्या हौशी प्रवाशांनी आपला संघच काढला होता. त्याचे नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी. (आपल्या डबेवाल्यांशी याचा संबंध नाही. हे डब्यातले खाणारे, ते डबे पोहोचवणारे.) पुढे युद्धात कारखान्यांच्या कामगारांसाठी अशी घरे लागली, आणि युद्धानंतर निवृत्त माणसांनी ती उचलली. ऊन हवे, घर स्वस्त हवे, झाडलोट थोडी हवी आणि पोरांचा कालवा नको.

पोरे नकोत ही मागणी एकट्या म्हाताऱ्यांची नव्हती. १९८० साली सरकारने पाहणी केली तेव्हा भाड्याच्या दर चार घरांपैकी एका घरात मुलांना मुळीच थारा नव्हता. आपल्याकडे ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ अशी पाटी लावतात, तिकडे ‘फक्त प्रौढांस’ अशी. अखेर १९८८ साली काँग्रेसने घरांविषयीचा १९६८ चा कायदा सुधारला. घरात मूल आहे म्हणून कोणाला जागा नाकारणे बेकायदेशीर ठरले, आणि मार्च १९८९ पासून हा नियम लागू झाला. मात्र म्हाताऱ्यांसाठी एक खिडकी ठेवली. जिथे सगळेच बासष्टच्या पुढचे आहेत, किंवा जिथे शंभरांतल्या किमान ऐंशी घरांत एक तरी माणूस पंचावन्नचा आहे, त्या वसाहतीला मुलांना मनाई करता येते. त्यासाठी तसा हेतू जाहीर करावा लागतो, नियम पाळावे लागतात, आणि दर दोन वर्षांनी रहिवाशांच्या वयाची मोजदाद ठेवावी लागते. आधी म्हाताऱ्यांसाठी खास सोयी करण्याचीही अट होती. १९९५ साली ती काढून टाकली.

एवढा कायदा मी सांगतो आहे तो एका बाईंमुळे. चिरंजीवांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याची ही मावशी. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षे तिने शाळेची बस चालवली होती. नवरा वारल्यावर मोठे घर विकून तिने युकायपातल्या एका वसाहतीत दोन अर्धुकांचे घर घेतले. दिवाळीचा फराळ घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो, कारण आमच्या हिच्या मते फराळ घरातल्या घरात खाल्ला तर तो लागत नाही.

बाईंनी घर हौसेने दाखवले. बैठकीच्या खोलीत गालिचाखाली पायाला एक उंचवटा लागतो. “ही शिवण,” बाई म्हणाल्या. “इथं माझं घर जोडलं आहे. दर भूकंपानंतर मी आधी इथं पाय लावून बघते.” फाटकापासून घरापर्यंत सगळे कसे नीटनेटके: आखूड गवत, चिनी मातीचे ससे, हळूहळू जाणाऱ्या गोल्फच्या गाड्या, पोहण्याचा तलाव, बिलियर्डची खोली आणि बुधवारी बिंगो. शांतता इतकी की आमच्या बोलण्याचा आम्हालाच संकोच वाटू लागला.

त्या शांततेत आतल्या खोलीतून एक सात वर्षांचा मुलगा बाहेर आला. बाईंचा पणतू. त्याची आई, म्हणजे बाईंची नात, रिव्हरसाइडला भाड्याने राहत होती. भाडे वाढले, जागा सुटली, आणि मायलेक आजीकडे आले होते. हिने डबा उघडून त्याच्या हाती चकली दिली. पहिलाच घास असा काही कुडकुडला की बाई चटकन म्हणाल्या, “राजा, खिडकी लावून खा हं.”

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

फ्रिजवर एक कॅलेंडर होते आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या फुल्या. अकरा फुल्या झाल्या होत्या. राज्याचा कायदा असा की पाहुणा सलग वीस दिवस किंवा वर्षात एकूण तीस दिवस राहिला तर मालकाने त्याबद्दल जादा दमडी मागू नये. त्यापुढे पाहुणा हा पाहुणा राहत नाही, राहणारा होतो; आणि राहणारा म्हटला की वसाहतीची छापील नियमावली पुढे येते. तीन दिवसांनी पाहुण्याला वास येतो म्हणतात. त्या मानाने वीस दिवस उदार म्हणायचे. पण आपल्याकडे पणतू पाहुणा म्हणून मोजत नाहीत.

शेजारच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ मध्येच डोकावून गेले. मला वाटले, आता तक्रार येणार. त्यांनी मुलासाठी लाकडाचे विमान आणले होते. जाता जाता ते बाईंना हळूच म्हणाले, “मॅनेजर मंगळवारी फेरी मारतो. मंगळवारी मोटार पलीकडच्या गल्लीत लावायला सांग तिला.” नियम सगळ्यांना हवा आणि नियमातून हा एक मुलगा सुटावा असेही सगळ्यांना वाटते, हे मला आपल्या चाळीची आठवण करून देणारे वाटले.

साहजिकच मी विचारले, “मग ही वसाहत सर्व वयांच्या लोकांना खुली झाली तर तुमची अडचण सुटेल नाही का?”

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की बसमध्ये खिडकीबाहेर हात काढणाऱ्या मुलाकडे त्या कशा पाहत असतील ते मला कळले. “ते कोणाला हवं आहे माहीत आहे तुम्हाला? मालकांना,” त्या म्हणाल्या. “आणि मालकाला माझा पणतू नको आहे हो. मालकाला त्या मुलाच्या बापाचा पगार हवा आहे. ज्या घरात दोन माणसं कमावती, ते जागेला माझ्यापेक्षा जास्त भाडं देणार. माझं पेन्शन तेवढंच राहणार.”

यात तथ्य आहे. पंचावन्नच्या वरचेच गिऱ्हाईक घ्यायचे म्हटले की गिऱ्हाईक थोडे. फाटक सगळ्यांना उघडले की ते वाढते, आणि गिऱ्हाईक वाढले की जमिनीचा भाव काय करतो हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला मी काय सांगावे? मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. बाईंना उद्या घर विकायचे झाले तर हेच जास्तीचे गिऱ्हाईक त्यांच्या फायद्याचे. आईबाप गेल्यावर पंचेचाळिशीच्या मुलाला त्यांच्या घरात राहता येत नाही, ते विकूनच टाकावे लागते, अशीही उदाहरणे असतात. म्हणून वसाहतींतसुद्धा सगळ्यांचे एकमत नसते. विकून जाणाऱ्याला एक हवे असते आणि मरेपर्यंत राहणाऱ्याला दुसरे.

युकायपाच्या नगर कौन्सिलने २००९ साली या वादात उडी घेतली. गावातल्या ज्या वसाहती ज्येष्ठांच्या म्हणून चालत आहेत त्यांनी सर्व वयांच्या वसाहती बनू नये, असा नियम तिने जमिनीच्या वापराच्या कायद्यात घातला. मालक कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा मोठा मासलेवाईक होता. कायदा म्हणतो, वसाहत ज्येष्ठांसाठी असण्याचा ‘हेतू’ हवा. ठीक आहे, पण आमचा तर तसा हेतू उरलेला नाही! मग गाव आमच्या डोक्यात हेतू कसा घालणार? आणि हेतू नसताना आम्ही मुलांना नाकारले तर १९८८ च्या कायद्याखाली आम्हीच गुन्हेगार. मुलांच्या हक्कांसाठी केलेल्या कायद्याचा आधार घेऊन जमीनमालक उभे, आणि समोर म्हाताऱ्यांच्या बाजूने गाव!

२०१२ साली वरच्या कोर्टाने, म्हणजे नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने, गावाच्या बाजूने निकाल दिला. हेतू मालकाचाच असला पाहिजे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. गावानेही तो ठरवला तर चालेल. पुढे राज्यातल्या आणखी काही गावांनी हाच कित्ता गिरवला. गावाला एवढी घाई का झाली होती, याचे एक कारण असे की हा रस्ता एकेरी आहे. जुन्या वसाहतींना ज्येष्ठांच्या वसाहती बनण्यासाठी कायद्याने दिलेली सवलतीची मुदत मे २००० मध्येच संपली. आता एखादी वसाहत एकदा सर्वांना खुली झाली आणि ऐंशीचे प्रमाण मोडले, की ते पुन्हा जुळवण्यासाठी मुलाबाळांच्या कुटुंबाला नाही म्हणण्याची सोय नाही.

माझे मत विचाराल तर मालकांचा हेतू मला पटला नाही आणि गावाचा निकाल पटला. पण एक गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. मध्यवर्ती कायदा त्या सात वर्षांच्या मुलाला बाहेर काढा असे म्हणतच नाही. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. मोजदादीपुरते ते घर पुरे झाले. मुलांना मनाई ‘करता येते’ एवढीच कायद्याची मुभा. मनाई केली आहे ती वसाहतीच्या नियमावलीने. मग एका ओळीची दुरुस्ती का करू नये, की घरातल्या ज्येष्ठाने सांभाळलेले नातवंड चालेल? वसाहत ज्येष्ठांचीच राहील आणि पोरही राहील.

पुढच्या खेपेला मी हे बाईंपुढे मांडले. आता फुल्या सतरा झाल्या होत्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “मागच्या वर्षी क्लब हाउसात कोणीतरी हेच म्हणालं होतं,” त्या म्हणाल्या. “मग एकीनं नातवंड म्हटलं, दुसऱ्यानं भाचा, तिसरीनं मैत्रिणीचा मुलगा. बोट दिलं की हात धरतात. मीच म्हटलं, नियम आहे तसाच असू द्या. मी हात वर केला होता.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “तेव्हा ही दोघं रिव्हरसाइडला होती.”

ही एवढ्या वेळ गप्प होती. ती उठली, मुलाला घेऊन अंगणात गेली, आणि फाटकापर्यंत त्याला शिवाजी महाराजांची गोष्ट सांगत मराठीत मोठमोठ्याने बोलत फिरून आली. कोणत्या नियमात हे बसत होते मला ठाऊक नाही. मॅनेजरने खिडकीतून पाहिले आणि हात हलवला.

एकोणिसाव्या दिवशी मायलेक डोंगर ओलांडून हेस्पेरियाला एका मैत्रिणीकडे गेली. त्यांना तिथे दोन खोल्या मिळाल्या. लाकडाचे विमान मात्र बाईंच्या खिडकीतच राहिले. पुढच्या तीस दिवसांचा हिशेब जानेवारीत नव्याने सुरू होतो, असे त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत चिरंजीवांना फीनिक्सला काम निघाले. मी म्हटले, आम्हीही येतो, मात्र वाटेत मला एक गाव पाहायचे आहे. पाम स्प्रिंग्सच्या अलीकडच्या खिंडीतल्या पवनचक्क्यांच्या फौजा, मग नुसते वाळवंट, मग कोलोराडो नदी, आणि आणखी वाळवंट, असे पाच तास गेले. फीनिक्सच्या वायव्येला यंगटाउन आहे. नाव तरुण, पण काढलेले म्हाताऱ्यांसाठी. १९५४ साली बेन श्लायफर नावाच्या जमिनीच्या दलालाने हे गाव वसवले. निवृत्त माणसांनी लहानशी घरे घ्यावीत आणि आपल्यासारख्यांत राहावे, ही कल्पना त्याची. देशातले असले हे पहिलेच गाव समजतात. इथली घरे जमिनीवर पक्की बांधलेली आहेत, ट्रकवरून आलेली नाहीत. शेजारी डेल वेब नावाच्या कंत्राटदाराने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी उघडली. गोल्फची मैदाने, तलाव, क्लब, आणि तीन दिवसांत लाखभर माणसे पाहायला. यंगटाउन त्यापुढे गरीब बहिणीसारखे दिसते.

या गरीब बहिणीने एका प्रकरणात श्रीमंत बहिणीच्या आधी एक गोष्ट केली, किंवा तिच्याकडून ती झाली. नव्वदच्या दशकात इथल्या एका आजी-आजोबांकडे त्यांचा किशोरवयीन नातू घरच्या जाचाला कंटाळून राहायला आला. गावाने नियमावर बोट ठेवले. आजी-आजोबा हटले नाहीत. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेले, गावाच्या वयाच्या अटीला कायद्याचा पुरेसा टेकू नाही असे निघाले, आणि १९९८ साली ती अट उठली. सन सिटी अजून पंचावन्नची आहे. मधल्या एका रस्त्याने दोन्ही गावे वेगळी होतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पलीकडच्या बाजूला गोल्फच्या गाड्या. अलीकडे पिवळी शाळेची बस थांबली आणि तीतून आठ-दहा पोरे उतरून तोंडाला येईल ते ओरडत पांगली. घरे त्याच जुन्या, बसक्या ठेवणीची. पण कुठे अंगणात झोपाळा, कुठे बास्केटबॉलची जाळी, कुठे स्पॅनिश गाणी. दोन-तीन घरांचे रंग उडालेले. एका घराच्या पडवीत एक वृद्ध गृहस्थ उलट्या केलेल्या सायकलची साखळी बसवत होते आणि सायकलचा मालक, नऊएक वर्षांचा, शेजारी उकिडवा बसला होता.

मी नमस्कार करून बोलणे काढले. गृहस्थ १९९६ साली इथे आले होते. म्हणजे अट होती तेव्हा.

“तुम्हाला पसंत पडलं का ते? मुलांना खुलं झालं ते?” मी विचारले.

“मुळीच नाही,” ते म्हणाले. “मी तेव्हाही विरोधात होतो, आजही आहे. मी शांततेचे पैसे मोजले होते. ती कोणीतरी माझ्याकडून परत घेतली आणि पैसे दिले नाहीत.” त्यांनी साखळी दातांवर ओढली, पेडल फिरवून पाहिले, आणि मुलाकडे न बघता हात पुढे केला. मुलाने बरोबर तेराचा पाना त्यांच्या हातात ठेवला.

“हा तुमचा नातू का?” हिने विचारले.

“छे हो! पलीकडच्या घरातला आहे. रोज काहीतरी मोडून आणतो.”

चिरंजीव मोटारीतून घड्याळ दाखवू लागले. आम्ही निघालो तेव्हा मुलगा सायकलवर बसून रस्त्याच्या मध्यभागातून चालला होता आणि गृहस्थ पडवीच्या कठड्याला धरून, सन सिटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याला कडेने जायला सांगत होते.